अनुभव धागा : करून पाहिलं तेव्हा कळलं

दर चार वर्षांनी ऑलिंपिक आलं की आपण सगळे तज्ज्ञ होतो. सोफ्यावर पाय पसरून, बशीतली भजी संपवत 'अहो, एवढंसं काय ते, घसरली कशी?' म्हणतो. मीही म्हणायचे. मग गेल्या मे महिन्यात भाचीच्या हट्टापायी तिच्या जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात बीमवर चढले. १० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. उड्या, गिरक्या काही नाही, नुसतं चालायचं. तिसऱ्या पावलाला खाली गादीवर! नादिया कोमानेचीने १९७६ ला मॉंट्रियलमध्ये याच पट्टीवर दहापैकी दहा घेतले तेव्हा ती १४ वर्षांची होती. मला गादीवरून उठायलाच भाचीचा हात लागला.

तर लिहा. ऑलिंपिकमधला कुठलाही खेळ तुम्ही खेळलात, शिकवलात, निदान एकदा करून पाहिलात आणि मग तो जिंकणाऱ्यांकडे बघायची नजर बदलली, असं काही. अट एकच : टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं, एवढ्यावर थांबू नका. ते सगळ्यांच्याच येतं.

कृष्णाकाठचा

आमचं गाव कऱ्हाडपासून सायकलच्या टप्प्यात. गोळेश्वरला 'ऑलिंपिक निवास' नावाचं घर आहे. त्यावरून जाताना वडील पायडल मारायचं थांबवायचे. बोलायचे काही नाहीत, सायकल तेवढी आपोआप पुढं जायची.

मी ११ व्या वर्षी तालमीत गेलो. तांबडी माती चाळून त्यात ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली. वस्ताद म्हणायचे, ही माती अंगाला लागली की दुखणं राहत नाही. (राहायचं.) मातीत पाय रुततो, त्यामुळं ढाक हा डाव मारायला बूड पक्कं मिळतं. शिवाय माती सवड देते. दोन पैलवान पंधरा-वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात टाकून खडाखडी करतात, लोक शेंगा खात बघतात. पाठ टेकली की कुस्ती संपली. गुणबिण काही नाही.

१७ व्या वर्षी निवड चाचणीला पहिल्यांदा मॅटवर उभा राहिलो. बूट उसने, एक नंबर मोठे. शिट्टी झाली, मी सवयीनं अंदाज घेत उभा, तोवर समोरच्यानं पाय धरून पट काढलासुद्धा. उठलो, पुन्हा पट. माझी पाठ एकदाही टेकली नाही, तरी पंचांनी त्याचा हात वर केला. मी तसाच उभा. हरलो कशानं हेच कळेना. घरी येऊन बघतो तर दोन्ही गुडघ्यांची सालं निघालेली. आजीनं हळद लावली आणि विचारलं, "कुस्ती खेळलास का रस्त्यावर पडलास?"

ज्यांचं ते 'ऑलिंपिक निवास', ते खाशाबा जाधव मला त्या रात्री समजले. १९४८ ला ते लंडनला गेले तेव्हा त्यांनाही मॅट नवीच होती. तरी सहावे आले. परत येऊन चार वर्षं घासली आणि १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटाचं कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. हरले ते जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत मल्लाकडून. दोन कुस्त्यांच्या मधे हवी तेवढी विश्रांतीही मिळाली नाही. त्या गटात सुवर्ण इशीला आणि रौप्य त्या सोव्हिएत मल्लालाच गेलं.

कऱ्हाड स्टेशनापासून निघालेली त्यांची मिरवणूक आजीनं पाहिली होती. शंभरावर बैलगाड्या. तिला हेलसिंकीबिलसिंकी काही ठाऊक नव्हतं. तिची आठवण निराळी : कोळपणी खोळंबली म्हणून आजोबा आधी चिडले, आणि मग स्वतःच बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून गाडी जुंपून गेले.

एक राहिलं. पुढचं वैयक्तिक पदक १९९६ ला, लिएंडर पेसचं. म्हणजे ४४ वर्षांनी. आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. यावर वडील बोलायला लागले की आई रेडिओ मोठा करायची.

पीटीचे सर

जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं झाली. भाले दोन : एक बांबूचा, तो पोरांना. दुसरा खरा, तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात.

७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राने टोकियोत सुवर्ण घेतलं तेव्हा शाळा बंदच होत्या. उघडल्या तेव्हा आसपासच्या शेतांच्या कुंपणातल्या काठ्या गायब होऊ लागल्या, तक्रारी माझ्याकडे. पोरांना वाटायचं दगड भिरकावतात तसाच भाला. तसा फेकला की तो आडवा येऊन पडतो, आणि टोक आधी टेकलं नाही तर फेक बाद. तळहातातून तिरकी पकड, धावत येऊन पायांची कात्री, आणि जोर खांद्यातून नाही, टाचेतून वर येतो. हे सांगून कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. विद्यापीठाच्या स्पर्धेत ४१ मीटरवर माझं कोपर गेलं ते आजही थंडीत बोलतं. नीरजच्या कोपरावर २०१९ ला शस्त्रक्रिया झाली होती, तिथून परत येऊन त्याने ते सोनं घेतलं. मी बरणीचं झाकण उघडायला बायकोकडे देतो.

एका शनिवारी पोरांना म्हटलं, चला, ८७.५८ मीटर मोजू. टेप ३० मीटरचा. पहिला टेप मैदानात संपला. दुसरा फाटकाबाहेर, रस्त्यावर. तिसरा जिथे संपला तिथे पिठाची गिरणी. गिरणीवाला पांढऱ्या भुवयांनी बाहेर आला, म्हणाला, काय मोजताय? एक पोरगा म्हणाला, "इथं भाला पडला होता." गिरणीवाल्याने खरंच पत्र्याकडे वर बघितलं.

पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ ला १०४.८० मीटर फेकला होता. दोन वर्षांनी भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला, भाले लवकर नाक खाली करायला लागले. तोच होन पुढे काही काळ नीरजचा प्रशिक्षक होता. होनचा आकडा मोजायला गेलो असतो तर पोरांना घेऊन ओढ्यात उतरावं लागलं असतं.

जाकीट भाड्याचं

मी पुण्यात कॉलेजला असताना दोन वर्षं एअर रायफल केली. नेमबाजीत काय, उभं राहून चाप ओढायचा, असं माझ्या बाबांचं मत होतं. त्यांना एकदा रेंजवर नेलं. जाड कॅनव्हासचं ते जाकीट बटणं लावून घातलं की माणूस दप्तरासारखा ताठ होतो, धड बसताही येत नाही. मग रायफल उचलायची, गाल टेकवायचा. आणि तेव्हा दिसतं की आपण हलतोय. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला नेम धरायच्या बारीक भोकातलं वर्तुळ उडतं. दहा मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे छर्राच ठिपक्याच्या नऊपट. बाबांनी तीन छर्रे मारले. एक कागदाला लागला. परतीच्या रिक्षात गप्प होते.

म्हणून बीजिंगचा अभिनव बिंद्रा मला आकड्यांत आठवतो. पात्रता फेरीत चौथा. शेवटचा छर्रा उरला तेव्हा तो आणि फिनलंडचा हाकिनेन बरोबरीत. बिंद्राने १०.८ मारला. हाकिनेनने ९.७, आणि तो थेट कांस्यावर घसरला. ९.७ म्हणजे काय माहितीये? आमच्या रेंजवर ९.७ आला की आम्ही वडापाव मागवायचो.

पॅरिसला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. गुडघ्यावर, पालथं पडून, उभं राहून. तिथे दहाचं वर्तुळ जेमतेम सेंटिमीटरभर, आणि ते ५० मीटरवर. पात्रतेत ५९० गुण, सातवा. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या नेमानंतरही तो पहिल्या तिघांत नव्हता. लोक उभ्याने खचतात आणि हा उभ्यानेच वर चढला, ४५१.४. उभं राहून नेम धरणं म्हणजे काय ते फक्त एकदा करून बघा. पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी एका हातावर धरून सुईत दोरा ओवायचा.

तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे कळल्यावर बाबा म्हणाले, "बरोबर. त्याच्या नजरेतून कोण सुटणार?" मी काही बोलले नाही. तीनातला एक लागलेला माणूस आहे.

खडकीवाला

लांबलचक लिहीत नाही. आम्ही हॉकी मातीच्या, खड्ड्याखड्ड्यांच्या मैदानावर शिकलो. चेंडू उडतो म्हणून काठीवर चिकटवून ठेवायची सवय. पहिल्यांदा टर्फवर उतरलो तर पास माझ्यापर्यंत येऊन निघूनही गेलेला. १९७५ ला गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत १९७६ ला मॉंट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातवा का आला, यावर बापजादे तासन् तास भांडायचे. मला दहा मिनिटांत उत्तर मिळालं.

मुळेतलं पाणी

कॉलेजच्या बोट क्लबवर एकेरी बोटीत बसायची हौस मला फार. ती बोट म्हणजे हातभराहून कमी रुंदीची काडेपेटी, वजन १४ किलोच्या आसपास. वल्ही हातात असतात तोवर ती सरळ राहते, एक सोडलं की संपलं. मी नाक खाजवायला सोडलं. मुळेचं पाणी कसं असतं ते पुणेकरांना सांगायला नको. टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन आलो आणि आठवडाभर खोलीतल्या मित्रांनी माझी गादी गॅलरीत टाकली.

मग नेटाने शिकलो. २,००० मीटर पुरं करायला लागलो तेव्हा शेवटच्या पाचशेला मांड्या पेटायच्या आणि डोळ्यांसमोर पिवळं यायचं. उलट्या तोंडाने बसलेलो असल्याने शेवट किती दूर आहे तेही दिसत नाही, दिसतात ते मागे टाकलेलेच.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच एकेरीत २०१६ ला रिओला गेला आणि तेरावा आला. दुष्काळी गाव. घरच्या हलाखीत विहिरी खणायचं काम केलेला माणूस. लष्करात गेल्यावर २०१२ मध्ये पहिल्यांदा वल्हं हातात धरलं, आणि सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं तो स्वतःच सांगतो. चार वर्षांत जगात तेरावा. पेपरात त्या दिवशी ठळक मथळा दुसऱ्याच कुणाचा होता. पदक नाही म्हणून असेल. मला विचाराल तर या धाग्यावर विजेत्यांच्याच रांगेत त्याचं नाव लिहा.

टेम्सपारचा

अट मोडतोय, आधीच सांगतो. मी बघायलाच गेलो होतो. ४ ऑगस्ट २०१२, वेम्बली अरिना, साईना नेहवालची कांस्यपदकाची लढत. बायकोने घरून तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या होत्या.

साईना मागे होती. चीनची वांग शिन पहिल्या गेममध्ये २०-१८ वर असताना गुडघा मुरगळून पडली. उपचार घेऊन उठली, लंगडत गेम घेतला, दुसऱ्यात एक गुण खेळली आणि थांबली. १८-२१, ०-१ अशा फलकावर आपल्याला पदक. आमच्या भागातल्या भारतीयांना समजेना टाळ्या वाजवाव्यात का. माझ्या शेजारचे काका हळूच म्हणाले, "आता ओरडायचं, की उठून तिला धीर द्यायचा?" मी पुरीचा डबा बंद केला.

पुढच्याच हिवाळ्यात आमच्या गुरुवारच्या डबल्समध्ये, कम्युनिटी हॉलच्या लाकडी फरशीवर, माझ्या गुडघ्यातून सुतळी तुटल्यासारखा आवाज आला. लिगामेंट. फोन जेमतेम चार हातांवर होता, तिथपर्यंत मी बसून सरकत गेलो. वांगने तसल्या गुडघ्यावर उभं राहून गेम जिंकला होता. फुकटचं पदक म्हणणाऱ्यांशी तेव्हापासून मी वाद घालत नाही. साईना तिथवर पोहोचली होती, म्हणून तर समोर वांग होती.

(धागाकर्तीकडून : चालेल हो. गुडघा घालवलात, अट पूर्ण.)

आष्टीची

मी मूळची आष्टी तालुक्यातली, बीड जिल्हा. मांडव्याचा अविनाश साबळे आमच्याच तालुक्यातला, पण ओळख नाही. त्याच्यामुळे मात्र मी एकदा स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीतल्या पाण्यात पडले.

पोलीस भरतीसाठी धावायचे. प्रशिक्षकांनी विचारलं, अडथळे करून बघतेस? म्हटलं, शेतातल्या बांधांवरून उड्या मारत मोठी झाले, त्यात काय. मला माहीत नव्हतं की हा अडथळा हर्डलसारखा पडत नाही. जाड लाकडी तुळई असते ती. पाय लागला तर ती जागची हलत नाही, हलता तुम्ही. पाण्याच्या उडीला तुळईवर पाऊल ठेवून पलीकडे झेपायचं. पाणी तुळईपाशी खोल, पुढे उतरत उथळ होतं, म्हणून जितकं लांब झेपावाल तितकं कमी भिजाल. मी जागच्या जागी उतरले. मांडीपर्यंत. बूट भरले आणि पुढचा सगळा फेरा पचक-पचक आवाज करत धावले. अशा सात पाण्याच्या उड्या आणि २८ कोरडे अडथळे, ३,००० मीटरमध्ये.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर हेच रिओत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत करून अंतिम फेरीत गेली आणि तिथे दहावी आली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय बाई. मोहीसुद्धा दुष्काळीच. पाण्याशी एवढं वैर असलेल्या गावांतून पाण्याच्या उडीचे धावपटू कसे निघतात, देव जाणे.

आणि साबळे. पॅरिस ऑलिंपिकला अंतिम फेरीत अकरावा आला, त्यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा. पण माझ्या डोक्यात अडकलीय ती २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल. केनियाचा किबिवोट ८ मिनिटं ११.१५, साबळे ८ मिनिटं ११.२०. आठ मिनिटं पळून, पस्तीस वेळा तुळया ओलांडून फरक ०.०५ सेकंद. मी मोबाइलवरचं स्टॉपवॉच शक्य तितक्या झटकन चालू-बंद करून पाहिलं. माझं ०.११ च्या खाली येत नाही. नवऱ्याचं ०.१३. कुणाचं ०.०५ आलं तर खाली लिहा.