मदत हवी आहे: ब्रोकन बीटची चांगली लेबलं सांगा (शनिवारच्या आत)

भुईनळा:
लंडनच्या आतेभावाने तासाभराचा एक मिक्स (एकात एक मिसळलेली गाणी) पाठवला होता, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. विचारलं तर "ब्रोकन बीट आहे" एवढं सांगून मोकळा झाला, आता फोन उचलत नाही. मी शोधून तीन रेकॉर्ड मागवल्या. तिन्ही फसल्या. एकदाच काय ती लेबलांची, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांची नावं द्या, बाकीचं मी बघतो. शनिवारच्या आत हवंय. आणि "गूगल करा" म्हणू नका, केलंय.

निषाद_७७:
फसल्या म्हणजे काय झालं? तुटून आल्या की आवडल्या नाहीत? नुसत्या ऐकायच्या आहेत की वाजवायच्या? रेकॉर्डच हव्यात की फाइल चालतील? आणि शनिवारी काय आहे?

चिमणी_पाखरं:
तुम्हाला तबलावाला टॅल्विन सिंग हवाय! लंडनच्या ब्लू नोट क्लबमध्ये त्याच्या 'अनोखा' नावाच्या रात्री व्हायच्या, तबला आणि ड्रम अँड बेस (वेगवान ठोक्यांचं नाच-संगीत) एकत्र. 'ओके' अल्बमला १९९९चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. त्याच वर्षीचा नितिन सॉनीचा 'बियॉण्ड स्किन'सुद्धा ऐका. कॉलेजात असताना आमची कॅसेट झिजली होती.

भुईनळा:
तबला नकोय हो. मिक्समध्ये तबला नव्हता. लेबलं सांगा ना कोणीतरी.

अनवट:
मी पंधरा वर्षं हेच गोळा करते आहे, म्हणून जरा लांबण लावते.
ब्रोकन बीट म्हणजे लंडनचं, ठोके जागचे हलवलेलं नाच-संगीत. त्याचं मूळ आहे रीइन्फोर्स्ड. ४हिरो या लंडनच्या गटाचं लेबल, १९८९ पासूनचं, 'जंगल' (ड्रम अँड बेसचा थोरला भाऊ) आणि ड्रम अँड बेसमधलं मोठं नाव. नव्वदीच्या शेवटी ड्रम अँड बेस कोरडं आणि एकसुरी होत चाललं, तेव्हा यातल्याच मंडळींनी वेग खाली आणला आणि त्यात जॅझ-फंक, हाउस, हिप-हॉप, लॅटिन असं सगळं ओतलं. हे सगळं पश्चिम लंडनमध्ये, एकमेकांच्या स्टुडिओत येत-जात. ४हिरोचा डीगो म्हणजे २००० ब्लॅक हे लेबल. निर्माता आयजी कल्चर म्हणजे मेन स्क्वीझ. बग्झ इन द ॲटिक हा गट म्हणजे बिटास्वीट. शिवाय पीपल आहे, लॉज ऑफ मोशन आहे. लंडनबाहेर म्युनिकचं कॉम्पोस्ट आणि बर्लिनमध्ये जॅझानोव्हावाल्यांचं सोनार कलेक्टिव्ह. ही भावंडं नव्हेत, चुलत म्हणा, पण घरात येणंजाणं होतं.
यातल्या बऱ्याच लेबलांचा माल गोया नावाच्या एकाच वितरकाकडून दुकानात जायचा. गोया बंद पडल्यावर सगळ्यांचेच हाल झाले. चांगल्या चांगल्या बारा इंची तबकड्या पुन्हा छापल्याच गेल्या नाहीत, म्हणून आज जुन्या बाजारात त्यांचे भाव चढे आहेत.

निषाद_७७:
यादी बरोबर आहे, पण त्यांच्या काही कामाची नाही. या संगीतात लेबल धरून चाललं की माणूस हरवतो. माणसं धरा. मोजून दहा-बारा जण आहेत आणि प्रत्येकाची चार नावं. कायदी टेथम हाच एजंट के. ओरिन वॉल्टर्स म्हणजे ॲफ्रोनॉट. डोमूच सोनार सर्कल आणि उमोड. डीगो, कायदी आणि डॅझ एकत्र आले की नाव होतं डीकेडी. न्यू सेक्टर मूव्हमेंट्स म्हणजे आयजी कल्चर. आता बघा: ॲफ्रोनॉटचा 'शेपिन फ्लुइड' (२००१) अपोलोवर, म्हणजे बेल्जियमच्या आर अँड एसच्या पोटलेबलवर. न्यू सेक्टर मूव्हमेंट्सचा 'डाउनलोड धिस' त्याच वर्षी चक्क व्हर्जिनसारख्या बड्या कंपनीवर. ४हिरोचा 'टू पेजेस' (१९९८) टॉकिन लाउडवर. लेबलांच्या यादीत यातलं एक तरी सापडलं असतं का? तबकडीच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचा. की-बोर्ड कोणी वाजवला, मिक्स कोणी केलं. तिथून पुढचं नाव.

अनवट:
बारीक अक्षरं वाचायला तबकडी आधी हातात हवी, निषाद. नवख्याला दार लागतं, आणि लेबल हे दार आहे. तुमची वंशावळ नंतर.

निषाद_७७:
दार कसलं, ती नुसती दारावरची पाटी. आत राहणारे भाडेकरू दर वर्षी बदलतात.

क्रॉयडन_कुलकर्णी:
तुम्ही दोघं भांडत बसा. हे संगीत ना लेबलात आहे ना नावात, ते खोलीत होतं. को-ऑप नावाची क्लबातली रात्र. आधी लंडनच्या वेल्व्हेट रूम्समध्ये, मग शोरडिचच्या प्लास्टिक पीपलमध्ये. मी २००४ला नोकरीसाठी आलो आणि ऑफिसातला एक जण ओढून घेऊन गेला. तळघर, जवळजवळ मिट्ट काळोख, आणि आवाज असा की बास कानात नाही, बरगड्यांत वाजायचा. ४हिरोच्या 'होल्ड इट डाउन'चं बग्झवालं रूप लागलं की लोक भिंती बडवायचे. डीजे तेच सुरुवातीपासून पुन्हा लावायचा. तोवर मला वाटायचं नाचायला दणदण ठोका लागतो. तिथे ठोका पायाखालून काढून घ्यायचे आणि तरी लोक पडत नव्हते.
ती जागा २०१५च्या जानेवारीत बंद झाली. तेव्हा फाइल-बिइल विसरा, घ्यायची तर तबकडीच घ्या.

अनवट:
कुलकर्णी, तुम्ही लंडनमध्ये, क्रॉयडनला बसून म्हणताय. इथे एका बारा इंचीला तिच्या किमतीएवढं टपाल, वर ड्यूटी. माझं शेवटचं पार्सल तीन आठवडे कुठेतरी पडून होतं आणि आलं ते कोपरा दुमडून. बॅण्डकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर डीगोचं, कायदीचं बरंच काही सरळ त्यांच्याकडून मिळतं, आणि पैसेही बहुतेक त्यांनाच जातात. जुन्या बाजारात हजारो मोजलेत त्यातला एक रुपया तरी वाजवणाऱ्याला मिळतो का?

शुद्ध_बोला:
मूळ विषयाला सोडून विचारतो, क्षमस्व. 'ब्रोकन बीट'ला मराठी शब्द का नसावा? 'मोडता ठेका' कसा वाटतो? 'रेकॉर्ड'ला तर तबकडी आहेच, अनवटताईंनी वापरलाही. अभिनंदन.

ताशा_मास्तर:
मोडता कशाला? मोडलेलं काही नाही त्यात. ऐकलं मी आत्ता दोन-तीन. सरळ चारचा हिशोब आहे, फक्त वजन भलत्या ठिकाणी ठेवलंय. आमच्याकडे ढोल ठेका धरून असतो आणि ताशावाला तर्री (सलग झडणारे ठोके) घेताना समेच्या आधीच उडी मारतो, तेच हे. तबल्यावर केहरव्याची लग्गी (ठेक्यावरची झटपट नक्षी) ऐका. लंडनवाल्यांनी नवीन काय केलं?

निषाद_७७:
मास्तर, लग्गीत खालचा ठेका मनात पक्का बसलेला असतो आणि वरचा माणूस खेळतो. इथे खालचा ठेका वाजतच नाही. खर्जाचा ड्रम, ज्याला किक म्हणतात, तोच खेळतो. एकदा मात्रेच्या आधी, एकदा नंतर, एकदा गायब. वर टाळी सरकलेली आणि सिंथचा बास मधल्या फटीत बसलेला. सम आहे, पण ती तुम्ही मनात धरायची. साम्य आहे हे कबूल. पण 'तेच हे' नाही.

ताशा_मास्तर:
म्हणजे अनाघाताचा, समेच्या आधीच उतरायचा खेळ. परत आमचंच.

भुईनळा:
अहो मास्तर!! माझा प्रश्न!
निषाद, तुमच्या आधीच्या प्रश्नांची उत्तरं: रेकॉर्ड धड आल्या, पण मिक्ससारख्या नाहीत. दोन तर नुसत्या दणकेबाज आहेत, गिटारच्या आवाजासकट. विक्रेत्याने वर 'ब्रेकबीट' लिहिलं होतं, तेच ना?

अनवट:
अरे देवा.

निषाद_७७:
तेच नाही! इथेच निम्मी दुनिया फसते. ब्रेकबीट म्हणजे जुन्या फंक गाण्यातला ड्रमचा तुकडा उचलून फिरवत ठेवायचा. १९६९च्या 'आमेन, ब्रदर'मधल्या सहा-सात सेकंदांवर अख्खं जंगल उभं आहे. ब्रोकन बीटमध्ये ठेका उचलायचा नसतो, पाडायचा असतो, एकेक ठोका हाताने ठेवून. लंडनमध्ये नुसतं 'ब्रक' म्हणतात. डिस्कॉग्सवर (रेकॉर्डची नोंद ठेवणारं संकेतस्थळ) 'ब्रोकन बीट' ही शैली वेगळी नोंदलेली आहे, तिथून गाळा. बॅण्डकॅम्पवर त्या नावाखाली टेक्नोवालेही घुसतात, कान उघडे ठेवा. दोन झाल्या. तिसरीचं काय?

भुईनळा:
तिसरीच्या मधोमध नुसता कोरा पांढरा कागद, नाव-गाव काही नाही, नुसता निळा पुसट शिक्का. जुन्या लॉटमध्ये आली. विक्रेता म्हणाला ब्रोकन बीटच आहे, पण मला नाही वाटत. झोपाळू आहे. कोणीतरी सर्दी झालेला बाप्या गातोय.
आणि शनिवारी मित्राच्या गच्चीवर पस्तीस-चाळीस माणसं आहेत, मी तासभर वाजवणार असं सांगून बसलोय. गाणी एकात एक मिसळायचं सॉफ्टवेअर दोन गाणी जुळवूनच देत नाही. तेही विचारायचं होतं.

क्रॉयडन_कुलकर्णी:
"तेही विचारायचं होतं"! पंधरा प्रतिसाद झाले दादा.

अनवट:
सॉफ्टवेअर ठोके शोधतं ते किकवरून. किकच जागेवर नसेल तर ते बिचारं कशावर रेघा मारणार? ग्रिड, म्हणजे त्या रेघांची जाळी, घसरतो, कधी निम्मा वेग दाखवतो, कधी भलताच. आपोआप जुळवणी बंद करा. हाय-हॅट (ड्रमवरची झांज) किंवा टाळी धरून बोटाने ठोके द्या, वेग हाताने लिहा, पहिली सम स्वतः लावा. वीसेक गाणी असतील तर एक संध्याकाळ जाईल. आणि बाकी गाणी फाइलने घ्या आता, शनिवारच्या आत कुठली तबकडी येतेय! कायदीचा 'इट्स अ वर्ल्ड बिफोर यू' (२०१८, फर्स्ट वर्ड) घ्या. एग्लोवर डीगो आणि कायदीचं एकत्र काम आहे. को-ऑप प्रेझेंट्स हे आयजी कल्चर आणि ॲलेक्स फुंट्झीचं अलीकडचं लेबल, तिथे नवी पोरंही सापडतील.

क्रॉयडन_कुलकर्णी:
गच्चीवर लोक नाचवायचे तर बग्झचा 'बॅक इन द डॉगहाउस' (२००६). अनवट नाक मुरडतील.

अनवट:
मुरडतेच. गुळगुळीत केलाय तो. डीकेडीचा 'फ्यूचर रेज' त्याहून दहापट. पण गच्चीसाठी… बरं, चालेल.

निषाद_७७:
थांबा जरा. भुईनळा, ती पांढरी तबकडी तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीय का? सॉफ्टवेअर तिचा वेग किती दाखवतं?

भुईनळा:
हो, बाबांच्या टर्नटेबलवरून उतरवली. मिनिटाला ९२.६ ठोके दाखवतं. हाताने मोजलं तरी तेवढेच.

निषाद_७७:
टर्नटेबल मिनिटाला किती फेऱ्यांवर आहे? ३३ की ४५?

भुईनळा:
३३ वर. मोठी रेकॉर्ड आहे ना, बारा इंची. ४५ छोट्या रेकॉर्डसाठी असतं. बाबा नाट्यगीतांच्या सगळ्या मोठ्या रेकॉर्ड ३३ वरच लावतात.

ताशा_मास्तर:
🙂

निषाद_७७:
बाबांच्या एलपी आहेत. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं बसवायची तर ३३ लागतात. तुमच्या तबकडीवर एका बाजूला एक, फार तर दोन गाणी असणार. बारा इंचीवर एवढी जागा मोकळी असली की ती बऱ्याचदा ४५ वर कापतात. खाचा रुंद, आवाज मोठा, क्लबला तेच हवं असतं. लेबल कोरं म्हणजे वेग छापलेलाच नाही.
आता गणित करा. ४५ भागिले ३३.३३ म्हणजे १.३५. ९२.६ गुणिले १.३५ किती?

भुईनळा:
१२५.

अनवट:
१२५! ब्रक तिथेच कुठेतरी चालतं, एकशे वीसच्या पुढेमागे. निषाद, तुमच्या पायाचा फोटो पाठवा.

क्रॉयडन_कुलकर्णी:
अरे मग लाव ना ४५ वर, वाट कसली बघतोस! आणि ते गाणं संपतं तिथे, लेबलच्या कडेला, गुळगुळीत पट्ट्यात काहीतरी खरडलेलं असेल. अक्षरं, आकडे. तोच तिचा आधार नंबर. इथे लिही, पाच मिनिटांत काढतो कोणाची आहे ते.

शुद्ध_बोला:
'टर्नटेबल'ला 'फिरती थाळी' म्हणता येईल का?

भुईनळा:
लावली.
बाप्या नाही. बाई गातेय!! आणि मिक्समध्ये चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास हीच होती, मी शपथेवर सांगतो. खाली बाबा विचारतायत काय झालं म्हणून.
कडेला खरडलेलं आहे काहीतरी, पण ट्यूबलाइटखाली दिसत नाहीये. एक आठ असावा, नाहीतर इंग्रजी बी.

अनवट:
सकाळी खिडकीशी न्या, तिरपी धरा. आणि बोटं कडेला लावा, खाचांवर नको!

ताशा_मास्तर:
गच्ची कुठे आहे म्हणालात?