फौजी घरी आले, पण झोप नाही, रोज दारू आणि घरात बंदूक. सुरुवात कुठून करावी?

तापीकाठ:
चोपडा तालुक्यातलं गाव. १७ वर्षं नोकरी करून गेल्या दिवाळीत घरी आलेले हवालदार, वय ३८. रात्री दोन-तीनदा उठून कडी-कोयंडा तपासतात. वरातीत सुतळी बॉम्ब फुटला की घामाघूम होतात, मग दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. केळीच्या बागेत मजुरांवर धावून जातात. संध्याकाळी रोज रम, अर्ध्या बाटलीच्या वर. बँकेतल्या गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली बारा बोअर बंदूक घरातच आहे. बाया विचारतात, "याले काय व्हयनं?" आणि भगताचं नाव काढतात. भाऊ म्हणतात, आठ दिवस खोलीत कोंडू, दारू सुटेल. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे, पण ते जायला तयार नाहीत.

गिरणाथडी:
पहिलं काम बंदुकीचं, बाकी सगळं नंतर. परवाना त्यांच्या नावावर आहे, तेव्हा भावाने परस्पर उचलून नेऊ नये. सकाळी, दारू उतरलेली असताना, त्यांनाच सोबत घेऊन पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. काडतुसंही द्या आणि पावती घ्या. "झोप नीट होईपर्यंत" एवढंच कारण सांगा. फौजीला हत्यार जमा करणं नवं नसतं. ते अडूनच बसले तर ठाण्यात जाऊन कल्पना द्या.

त्याच बैठकीत सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

रावेरकर:
खोलीत कोंडण्याचा बेत आजच मोडा! रोज इतकी दारू पिणाऱ्याची एकदम तोडली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होतो, भिंतीवर माणसं दिसतात, ताप चढतो. यात माणूस दगावतो. आणि गाव नेमकं याच वेळी म्हणतं की बाहेरचं लागलं.

दारू सोडवायची ती दवाखान्यात भरती करून, डॉक्टरांच्या औषधावर. भरती करताना सांगा: रोज किती, किती वर्षं, शेवटचा पेग कधी, आधी कधी फिट आली का. आणखी एक, गावाकडे अशक्तपणा दिसला की लगेच ग्लुकोजचं सलाइन लावतात. अशा रुग्णाला आधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन हवं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोच करू नका.

तापीकाठ:
बंदुकीचं बोललो, तयार झाले. पण म्हणतात, "झोपेची गोळी आणून द्या, बाकी मला काही नाही."

गिरणाथडी:
मेडिकलवरून परस्पर आणलेली अल्प्राझोलाम नको. दारूवर ती घेतली तर श्वास मंदावतो, शिवाय तिचीही सवय लागते. पण "झोप नाही" ही तक्रार घेऊनच ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला न्या, मानाला ठेच लागत नाही. तिथल्या मेडिकल ऑफिसरला स्वप्नं, दचकणं, दारू हे घरच्या माणसाने कागदावर लिहून द्यावं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी, म्हणजे रेफरल, मागावं. उपचार घेतल्याने पेन्शन थांबत नाही, हे त्यांना पहिल्यांदा सांगा. बहुतेकांची खरी भीती तीच असते. रेफरलला वेळ लागला तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा.

आजाराचं निदान डॉक्टरांवर सोडा. घरी आल्यावरची चिडचिड, रिकामपण हा प्रत्येक वेळी मानसिक आघाताचा आजार (पीटीएसडी) नसतो. जुना प्रसंग स्वप्नात येणं, त्याची आठवण टाळणं, सतत सावध राहणं हे महिनाभराच्या वर टिकलं आणि रोजचं जगणं अडलं, तर तसा विचार होतो. त्यावर आघातकेंद्रित समुपदेशन, म्हणजे तज्ज्ञासोबत त्या प्रसंगावर बोलत केलेलं काम, हा मुख्य उपचार. सर्ट्रालिनसारख्या गोळीचा गुण यायला चार-सहा आठवडे जातात. पहिल्या पंधरवड्यात बेचैनी वाढू शकते आणि बरेच जण तिथेच गोळी टाकून देतात. स्वप्नांसाठी प्राझोसिन दिली तर ती रक्तदाब उतरवते. आपल्याकडच्या मे महिन्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, माणूस खाटेवरून उठताच भोवळ येऊन पडतो. आधी दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं.

रावेरकर:
कागद आत्तापासून जपा. डिस्चार्ज बुक, सुटताना झालेल्या मेडिकल बोर्डाचे कागद, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्रास कधीपासून आहे ते लिहून घ्या. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत वाढला हे दिसावं लागतं, आणि प्रमाण किमान २० टक्के लागतं. अर्जासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पण त्यासाठी उपचार अडवून ठेवू नका.

घरच्यांसाठी एवढंच: झोपेत असताना हात लावून उठवू नका, पायथ्याशी उभं राहून नाव घेऊन हाक मारा. लग्नघरी फटाके कधी वाजणार ते आधी विचारून त्यांना सांगून ठेवा.