पोलरॉइड सन ६६० : बॅटरीचा कप्पाच नाही, मग सेल घालायचे कुठं?

शाहूपुरीकर: पोलरॉइड सन ६६० हा जुना इन्स्टंट कॅमेरा (फोटो लगेच बाहेर देणारा) हाती आलाय. बॉडी चकाचक, पण बॅटरीचं झाकण कुठंच दिसत नाही. सोबत २००४ चं सीलबंद फिल्म पॅक आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत विचारलं तर फुजीची इन्स्टॅक्स मिनी फिल्मच पुढं करतात. ती बसेल का? ऑनलाइन पोलरॉइडची ‘आय-टाइप’ फिल्म या कॅमेऱ्याच्या ‘६००’ फिल्मपेक्षा स्वस्त दिसते, ती चालेल का?

जुना_शटर: भावा, सेल कॅमेऱ्यात नसतातच. फिल्म पॅकच्या तळाशी ६ व्होल्टची चपटी बॅटरी असते. मोटर, फ्लॅश, फोकस सगळं तिच्यावरच. २००४ चं पॅक म्हणूनच दोन्हीकडून गेलं: बॅटरी उतरलेली आणि रसायन सुकलेलं.

इन्स्टॅक्सचा नाद सोडा, मापच वेगळं. आय-टाइप मापात बसते, पण तिच्यात बॅटरी नाही, कॅमेरा ढिम्म हलणार नाही. एसएक्स-७० या पोलरॉइडच्याच दुसऱ्या कॅमेऱ्याची फिल्म बसते आणि चालतेही, पण ती दोन स्टॉपनं मंद, म्हणजे तिला चौपट उजेड लागतो, फोटो काळपट येतील. खोक्यावर ‘६००’ बघूनच घ्या.

आणि महागडं पॅक फोडायच्या आधी कुणाकडून तरी नुकतंच संपलेलं ६०० चं रिकामं पॅक मागून आणा. त्यात चाचणीपुरता जीव उरलेला असतो. ते घालून दार लावलं की मोटर घरघरली पाहिजे, मग फ्लॅश चार्ज होतो. काहीच झालं नाही तर पॅकच्या कप्प्यातल्या बॅटरीला टेकणाऱ्या दोन पत्र्याच्या स्प्रिंगा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनं पुसा. बहुतेकदा गंज तिथंच असतो. फोटो दाबून बाहेर काढणारे रोलरही बघून घ्या. वाळलेली पेस्ट चिकटली असेल तर प्रत्येक फोटोवर सारख्या अंतरानं ठिपके उमटतात. ओल्या कापडानं पुसायचं, नखानं खरवडायचं नाही.

सोल्डर_मामा: आय-टाइप स्वस्त पडते म्हणून काही जण चार डबल-ए सेलचा होल्डर बाहेर लावून वायरी त्या स्प्रिंगांना जोडतात. चार दीड म्हणजे सहा व्होल्ट, हिशोब बरोबर. सेल अल्कलाइनच हवेत, मोटर करंट खूप ओढते. प्लस-मायनस अंदाजानं लावू नका, ६०० च्या पॅकवर मल्टीमीटर लावून खात्री करा. त्यासाठी बॉडी मात्र उघडायची नाही, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. खरं सांगायचं तर वर्षाला दोन-चार पॅकसाठी एवढा उपद्व्याप परवडत नाही.

शाहूपुरीकर: मग ६०० च घेतो. मागवताना आणि ठेवताना काय बघायचं?

जुना_शटर: खोक्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, तिथून वर्षभरात वापरायची. विक्रेत्याकडून त्या तारखेचा फोटो आधी मागवा. एप्रिल-मेमध्ये मागवूच नका. कुरिअरच्या गाडीत तापलेल्या फिल्मवर पिवळट-लालसर झाक येते. घरी फ्रिजमध्ये आडवी ठेवा, फ्रीझरमध्ये कदापि नको. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात गार पॅकचं फॉइल लगेच फाडलं तर दमट हवेचं पाणी आत धरतं.

फोटो बाहेर आला की पहिले काही सेकंद हातानं उजेड अडवा, मग पालथा ठेवा. रंगीत फोटोला १०-१५ मिनिटं लागतात. हलवून काही फायदा नाही.

सोल्डर_मामा: एक राहिलं. कॅमेऱ्यावरचा उरलेले फोटो दाखवणारा काउंटर १० वरून उतरतो, हल्लीच्या पॅकमध्ये फोटो ८ च. आकडा २ वर असताना काही बाहेर आलं नाही तर कॅमेरा बिघडलेला नाही, पॅक संपलंय.