‘रानात चाललोय’ हा बहाणा नव्हता

द्राक्षवाला_तासगाव

कोरोनाच्या लॉकडाऊनला पाच वर्षं झाली म्हणून सांगलीतल्या एका गृहस्थांची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरली. म्हणणं असं: 2020 मध्ये शहरातला माणूस घरात कोंडून बसला आणि खेड्यातले लोक ‘रानात चाललोय’ म्हणत मोकाट हिंडले. पुन्हा तशी वेळ आली तर शेतकामाला सकाळचे दोनच तास द्यावेत, बाकी वेळ नाके बंद.

दोन तास. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

त्या वर्षी 25 मार्चला सगळं बंद झालं तेव्हा आमच्याकडं निम्म्या बागांत माल वेलीवर होता. सौदा ठरलेले व्यापारी फोन उचलेनात. पिकलेला घड थांबत नाही, त्यामुळे ज्याला जमलं त्यानं बेदाण्याची वाट धरली. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड तोडायचे, डिपिंग ऑईल आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचे, रॅकवर पसरायचे आणि आभाळाकडं बघत दोन-तीन आठवडे काढायचे. दुपारी चारला ढग आले तर चारलाच ताडपत्री ओढायला पळायचं. तेव्हा ‘उद्या सकाळी सात ते नऊ या’ म्हणून चालतं का?

त्यावरच संपत नाही. माल उतरला की एप्रिलात खरड छाटणी. तिच्यातून ज्या काड्या फुटतात त्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो आणि त्याला ऊन लागतं. छाटणी लांबली की ते दिवस जून-जुलैच्या ढगाळ हवेत जातात, काड्या वांझ निघतात. म्हणजे एप्रिलात अडवलेला माणूस पुढच्या मार्चपर्यंत भोगतो.

शेतीला सूट दिल्लीनंच दिली होती. 27 मार्चच्या पुरवणी आदेशात शेतकरी, शेतमजूर, बाजार समित्या, खतं-बियाणं-औषधांची दुकानं सगळं होतं. अवजारांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची दुकानं मात्र 3 एप्रिलला आली. मधल्या दिवसांत माझ्या फवारणीच्या ब्लोअरचा पट्टा तुटला. दुकानदार मागच्या दारानं द्यायला तयार होता, पण नाक्यावर मला उतरवलं. सातबारा दाखवला. तो वडिलांच्या नावावर, आधार कार्ड माझं. “हे रान तुमचंच कशावरून?” आता याला काय उत्तर देणार? गाडी जप्त. भुरी रोगाची फवारणी राहिली ती राहिलीच.

फिरायला जाणं आणि रानात जाणं एकाच मापानं मोजू नका. खरं फिरणं बघायचं असेल तर त्याच एप्रिलात गृहखात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला आलेली वाधवान मंडळी आठवा. 23 माणसं. आणि आम्ही पट्ट्यासाठी गुन्हेगार.

विश्रामबागकर

ती पोस्ट माझीच आहे. नाव घेतलं नाहीत त्याबद्दल आभार, पण उत्तर देणं भाग आहे.

माझ्या वडिलांना तेव्हा सत्तरी उलटलेली. साखर, त्यात हृदयाचं दुखणं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. आमराई बाग बंद म्हणून ते पहाटे एकटे, तोंडाला रुमाल बांधून, घराजवळच्या मोकळ्या रस्त्यानं जायचे. एक दिवस त्यांना भर चौकात उठाबशा काढायला लावल्या. घरी आले आणि त्यानंतर बाहेर पडलेच नाहीत. नंतर बंदी उठली तरी नाहीत. साखर कुठल्या कुठं वाढली. हे ‘हौसेचं फिरणं’ होतं का?

आणि त्याच आठवड्यात पलूसकडचे आमचे पाहुणे रानातल्या शेडवरचे फोटो टाकत होते. चुलीवर मटणाचा रस्सा, पंधरा-वीस जण, मांडीला मांडी. मास्क हनुवटीवर. विचारलं तर “रानात काम होतं.” हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून लिहिलं.

कराडची_ताई

माझा धाकटा भाऊ पोलिसात आहे. त्या उन्हाळ्यात तो महामार्गालगतच्या नाक्यावर उभा असायचा. सावलीला एक फाटकं कापड, पाण्याची बाटली घरून नेलेली. आमच्या तालुक्यात रुग्ण वाढत होते, त्यामुळे घरी आला तरी अंगणात आंघोळ करून मागच्या खोलीत झोपायचा. लेक तेव्हा दोन वर्षांची, ती दारापाशी रडायची.

द्राक्षवाले दादा, तुमचा पट्टा खरा असेल. पण त्याच्यासमोर दिवसभरात येणारा प्रत्येक जण सातबाराच दाखवायचा. दुधाच्या किटल्या उघडून बघायला लागायच्या, कारण एकीत दूध आणि दुसरीत दारूच्या बाटल्या. खरा कोण, खोटा कोण हे त्यानं कपाळावर वाचायचं होतं का? ते पुरवणी आदेश इंग्रजीत, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होऊन आलेले. शिपायाला कुणी बसवून समजावलं नाही. शिव्या मात्र त्याच्याच वाट्याला.

द्राक्षवाला_तासगाव

ताई, तुमच्या भावाबद्दल एक शब्द वाकडा नाही. पण आदेश समजला नव्हता हे तुम्हीच म्हणताय, मग माझं म्हणणं तरी काय वेगळं आहे? आणि विश्रामबागकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. मग पोस्टमध्ये राग उठाबशा काढायला लावणाऱ्यावर का नाही? आमच्यावर का?

दहिवडीकर

दोन तास म्हणे! आमच्या माण तालुक्यात शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची. थ्री फेज एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास. लॉकडाऊन असो नसो, आम्ही रात्री दोनला बॅटरी घेऊन दार धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो. साप, विंचू, सगळं त्यात आलं. 2020 ला संचारबंदी आणि पाण्याची पाळी एकाच वेळेला आली. मोटरसायकल काढली की हेडलाईट बघून अडवायचे, म्हणून आम्ही बिनलाईटची गाडी चालवत जायचो. दिवसा लाईट द्या, रात्री कोण कशाला मरायला बाहेर पडतंय? यावर कुणी पोस्ट लिहीत नाही.

पाटणचा_मुंबईकर

इथं सगळे ‘शेतकरी’ म्हणून भांडताय म्हणून विचारतो. माझ्याही नावावर कोयना खोऱ्यात बारा गुंठे आहे. बाप माथाडीत गेला, मी नवी मुंबईत कामोठ्यात राहतो. मे 2020 मध्ये पास काढून, तपासणी करून गावी निघालो, कारण आई एकटी आणि जूनमध्ये भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायचा होता. वेशीवर जेसीबीनं चर खणलेला. पलीकडं माझे सख्खे चुलतभाऊ काठ्या घेऊन उभे. “शाळेत जा, चौदा दिवस.” शाळेत दोन खोल्या, एक संडास, पाणी बाहेरच्या हापशावर. बायकोनं पोरांना घेऊन तिथं दिवस काढले.

शेतकऱ्याला सूट होती ना? मग मी कोण होतो? गावच्या जत्रेची वर्गणी मागताना मी गावकरी, पाण्याच्या टाकीला पैसे मागताना गावकरी, आणि आजार आला की मुंबईवाला?

मेढ्याचा_शेतकरी

बोललात तर ऐकून घ्या. आमच्या गावच्या कोरोना समितीत मी होतो. आमचं गाव डोंगरात. तरणीताठी पोरं सगळी मुंबईत, गावात राहिलेले साठीच्या पुढचे. दवाखाना लांब, रस्ता असा की पावसात रुग्णवाहिका घाटाखालीच थांबते. एकाला लागण झाली असती तर निम्मं गाव गेलं असतं. शाळेत ठेवलं तर काय फाशी दिली? जेवणाचे डबे आम्हीच पोचवत होतो.

पाटणचा_मुंबईकर

डबे आले, खरंय. चपाती लांबून ठेवून पळून जायचे. माझ्या सात वर्षांच्या पोरानं विचारलं, “पप्पा, आपण काय केलंय?” त्याला अजून गाव आवडत नाही. सुट्टीला येत नाही. या पाच वर्षांत मीही फक्त देवकार्याला गेलो. तुमचा चर बुजला असेल, आमचा नाही.

वाळव्याची_सून

मेढ्याचे दादा, वाळवा तालुक्यात आम्ही याची दुसरी बाजू बघितली. इस्लामपुरात, म्हणजे आताच्या ईश्वरपुरात, 23 मार्चला एकाच घरातले चार जण बाधित निघाले आणि आठवड्याभरात आकडा वीसच्या वर गेला. तेव्हा कडक बंदोबस्त झाला, घरोघरी तपासणी झाली, आणि साथ तिथंच थोपली. ते काम चांगलंच झालं. पण त्यानंतर आमच्या तालुक्याची गाडी दिसली की शेजारच्या गावात दगड उचलायचे. माझं माहेर पलीकडच्या तालुक्यात. वडील वारले तेव्हा मला वेशीवरून परत पाठवलं. तपासणीचा कागद हातात होता. गावबंदीचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नका.

मेढ्याचा_शेतकरी

ताई, तसं व्हायला नको होतं. मयताला सोडायलाच हवं होतं, आमच्याकडं सोडत होतो. पण शाळेत ठेवण्याचा निर्णय आजही घेईन. मुंबईकर भावांना राग असेल तर असू दे, त्यांची आई जगली.

पाटणचा_मुंबईकर

माझी आई 2021 ला गेली. दुसऱ्या लाटेत. तेव्हा मुंबईहून कुणीही गेलं नव्हतं. गावातल्या लग्नातून आलं. त्या लग्नाला समितीतले सगळे हजर होते, मांडवात पहिल्या रांगेत. चर कुठं होता तेव्हा?

कराडची_ताई

दादा, फार वाईट झालं.

आशा_सेविका_जत

मी दोन्ही वर्षं घरोघर फिरले आहे. ऑक्सिमीटर आणि थर्मल गन घेऊन, उन्हात. म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

उघड्या रानात चार हात अंतरावर खुरपणाऱ्या बाईला तिथून लागण होण्याची शक्यता कमीच. मोकळ्या हवेत हा आजार बंद जागेपेक्षा पुष्कळ कमी पसरतो. विश्रामबागकरांचे वडील पहाटे एकटे चालत होते त्यातही कुणाला धोका नव्हता. दोघांनाही उगाच छळलं. पण द्राक्षवाले दादा, तुम्ही एक गोष्ट सोयीनं सोडलीत. छाटणीची टोळी बागेत येते कशातून? टेम्पोतून. वीस-बावीस माणसं, हौद्यात उभी, वर ताडपत्री. बागेत आल्यावर एकाच तांब्यानं पाणी. दुपारची भाकरी शेडमध्ये गोल करून. मी माझ्या हद्दीत ज्या टोळ्या पाहिल्या त्यांत एकाला ताप आला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अख्खी गाडी आजारी. मालकाला सांगितलं तर म्हणायचा, “काम उरकू द्या, मग तपासा.” त्या बायका हातावर पोट असणाऱ्या, त्या तोंड उघडतील का?

ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या 25 जिल्ह्यांना निर्बंधांत सवलत मिळाली आणि 11 जिल्हे मागं राहिले. सांगली आणि सातारा दोन्ही त्या अकरात. त्याचं खापर फिरणाऱ्या म्हाताऱ्यांवर फोडता येणार नाही. लग्नं, बाराव्याची जेवणं, कोंबलेल्या गाड्या आणि अंगावर काढलेला ताप, हे मी बघितलं.

दहिवडीकर

ताईंचं खरं आहे. पण टेम्पो पहाटेच का भरायचा, तर लाईट…

कराडची_ताई

दादा, लाईटचा वेगळा धागा काढा, मी पहिली सही करते.

विश्रामबागकर

आशाताई म्हणतात ते वाचून ‘दोन तास’ हे वाक्य मी पोस्टमधून काढतोय. द्राक्षवाल्यांच्या सांगण्यावरून नव्हे. त्यांनी टेम्पोचा ट सुद्धा लिहिला नव्हता. शेडवरच्या पार्ट्यांबद्दल लिहिलेलं तसंच राहील, ते खरं आहे.

द्राक्षवाला_तासगाव

पार्ट्या झाल्या. आमच्या शिवारातही झाल्या, त्यांच्यावर आदेश मोडल्याचा गुन्हा लावा, माझी हरकत नाही. पण त्यापायी सबंध शिवाराला कुलूप लावू नका.

टेम्पोचं म्हणाल तर आशाताईंसमोर वाद घालणार नाही. फक्त हिशेब मांडतो. गाडीत आठच माणसं बसवायची तर टोळीला तीन फेऱ्या. डिझेल तिप्पट, पहिली फेरी सहाला आणि तिसरी नऊला, म्हणजे शेवटच्या फेरीतल्यांची निम्मी सकाळ बुडणार. मजुरी पूर्ण द्यायची का कापायची? ज्या वर्षी व्यापारी फोन उचलत नाही त्या वर्षी हे पैसे बागायतदारानं कुठून आणायचे? सरकारनं फेरीचं डिझेल द्यावं, आजारी पडलेल्या बाईची चौदा दिवसांची मजुरी द्यावी, मी आजच लिहून देतो की माझ्या बागेत भरलेला टेम्पो येणार नाही.

आशा_सेविका_जत

मजुरीचं पहिलं लिहा, डिझेलचं नंतर. पगार बुडणार नाही हे कळलं तरच ती बाई ताप सांगेल. तेवढं झालं तर निवेदन मी तालुक्याला घेऊन जाते.

पाटणचा_मुंबईकर

त्या निवेदनात गावाबाहेर राहणाऱ्या खातेदाराचंही एक कलम घाला. सातबारा त्याच्याही नावावर असतो.

मेढ्याचा_शेतकरी

घाला. शाळेत संडास वाढवा हेही घाला.