मदत हवी आहे: मिठाच्या चांदीच्या चमच्यावरचं अक्षर कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या जुन्या बाजारांतून मीठ-साखरेचे चांदीचे चमचे जमवायला लागले आहे. पूर्वी टेबलावर मीठ उघड्या वाटीत ठेवत, त्यातलं हे इवलंसं चमचुलं. एवढ्याशा दांड्यावरची नक्षी पाहिली की जीव हरखतो!

आता अडचण. एका चमच्याच्या दांड्यामागे जहाजाचा नांगर, चालता सिंह, राणीचं डोकं आणि एक अक्षर असे छाप आहेत. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी. डोक्याचा छाप कर भरल्याचा. तो १८९० साली बंद झाला, म्हणजे चमचा व्हिक्टोरियाच्या काळातला. पण बनवल्याचं साल सांगणारं अक्षर झिजलंय. भिंगातून कधी 'ओ' वाटतं, कधी 'क्यू'. अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार यांवरून साल नक्की करता येईल का? कारागिराची आद्याक्षरं तर पार पुसली गेली आहेत.

दुसरं, याच्या खोलगट भागाला आतून सोन्याचा मुलामा आहे. मीठ चांदीला खातं, म्हणून तो देत. जिथे मुलामा उडालाय तिथे काळे ठिपके पडलेत. उरलेलं सोनं न घालवता ते निघतील का, की तसेच राहू द्यावेत? पॉलिश लावायला मन धजत नाही.

साखर भुरभुरायचा जाळीचा चमचाही मिळाला होता, पण त्यावर 'ईपीएनएस' निघालं, म्हणजे नुसता चांदीचा मुलामा. तो घेतला नाही.

जाणकारांनी कृपया सांगावं. छापांचे फोटो सोबत देते आहे.