प्रति: गोळी चुरडून दिली तर चालेल का?
वर एका ताईंनी विचारलंय की मुलगा एडीएचडीची (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) गोळी गिळत नाही, चुरडून देऊ का. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची लाँग अ‍ॅक्टिंग गोळी असेल तर अजिबात नको हो, ती 8 ते 12 तास हळूहळू औषध सोडायला बनवलेली असते, चुरडली की बराचसा डोस एकदम अंगात जातो मग छातीत धडधड, बेचैनी सगळं. काही कॅप्सूल उघडून आतले दाणे न चावता देता येतात पण सगळ्या नाही, डॉक्टरांना विचारूनच. सकाळचा डोस राहिला तर संध्याकाळी देऊ नका, झोपेचं खोबरं होतं. आणि घरात कोणी कमी वयात हार्टने अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, खूप जण विसरतात. बीपी, वजन, उंची मोजून घेत राहा. माझ्या मुलीची भूक मरते म्हणून मी गोळीआधीच पोटभर खाऊ घालते.