टेकडी म्हणजे कोथरूडकरांचे चोचले? मग ऐकाच

खाणीकडचा:
परवा एका महाशयांनी लिहिलं की पुण्याची वेताळ टेकडी वाचवा म्हणणारे सगळे पेन्शनर, सकाळी फिरायला जागा हवी म्हणून अख्ख्या शहराचा रस्ता अडवून बसलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

टेकडी कापून जाणारा बालभारती-पौड फाटा रस्ता १९८७ च्या विकास आराखड्यात आहे, हे पालुपद आम्हालाही पाठ आहे. तेव्हाचं पुणं सायकलींचं होतं हो. रस्ता जेमतेम दोन किलोमीटर. लॉ कॉलेज रोडच्या गाड्या उचलायच्या आणि ओतायच्या कुठे, तर पौड फाट्यावर. म्हणजे नळ स्टॉप चौकाच्या दारात! तिथे २०२२ मध्ये दुमजली पूल झाला, वर मेट्रो, मध्ये गाड्या. पूल उतरल्यावर काय होतं ते संध्याकाळी सहाला उभं राहून बघा. आणि टेकडी कापल्यावर पाणी मुरणार कुठे? आमच्या सोसायटीची बोअर मे महिन्यातही चालते, ती महापालिकेच्या कृपेने नाही.

टेकडी वाचवण्यासाठी निघालेल्या एप्रिल २०२३ च्या मोर्चात मी होतो. पेन्शनर होतेच. पण अर्ध्याहून जास्त पोरं कॉलेजची होती.

नळस्टॉपग्रस्त:
ते महाशय मीच. बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा अँब्युलन्स लॉ कॉलेज रोडवर पस्तीस मिनिटं अडकली होती. बाबा वाचले, नशीब. त्या पस्तीस मिनिटांत मला तुमच्या टेकडीवरचा एकही पक्षी आठवला नाही. बोअरचं कौतुक सांगता, पण तुमची सोसायटी कुठे उभी आहे? टेकडीच्या उतारावरच ना? तुमचं घर झालं की टेकडी पवित्र!

खाणीकडचा:
बाबा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. सोसायटीबद्दल म्हणाल, तर पायथ्याला आहे, उतारावर नाही. म्हणजे... थोडी उतारावर आहे.

गवताळ:
दोघांचंही चालू द्या, पण "जंगल, जंगल" काय लावलंय? निम्म्या टेकडीवर वनखात्याने लावलेलं गिरिपुष्प आहे. मध्य अमेरिकेतलं झाड, थंडीत पानं झडून खराटा, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलं आली की सगळे फोटो काढायला हजर. खाली गवत धड उगवत नाही. ही टेकडी मुळात गवताळ माळाची, मधूनमधून सालई, मोई, गणेर ही इथली झाडं. एवढ्या वर्षांत गिरिपुष्पाविरुद्ध एक मोर्चा निघाला?

खाणीकडचा:
मग काय, गिरिपुष्प आहे म्हणून डांबर ओतू द्यायचं? जूनमध्ये नवरंग पक्ष्याची शीळ त्याच झाडोऱ्यातून ऐकू येते.

गवताळ:
शीळ ऐकून झाली की मोरांना शेव-फरसाण घालणाऱ्यांकडेही बघा. सकाळी पिशव्या घेऊन येतात. मोर भिकारी झालेत, उंदीर आणि कबुतरं माजलीत. वर मोकळे सोडलेले लाडके कुत्रे सशांमागे. बुलडोझर येईल तेव्हा येईल, टेकडीची वाट आधी टेकडीप्रेमीच लावतायत.

मोरपीस:
हे माझ्यासाठी आहे ना? नाव घेऊन बोला की. आठ वर्षं जातेय. फरसाण नाही, शेंगदाणे घालते, बिनमिठाचे. मिस्टर गेल्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं, घराबाहेर पडा. तेव्हा तो मोरच रोज वाट बघायचा, तुमच्यासारखे विद्वान नव्हते आले.

गवताळ:
काकू, तुमचं दुःख मान्य. पण तो तुमची नाही, शेंगदाण्यांची वाट बघतो.

मोरपीस:
काय बोलायची रीत ही?

सातबारा:
मोर-उंदीर झाले असतील तर आमचंही ऐका. १९९७ मध्ये तेवीस गावं पालिकेत आली, त्यातलं आमचं एक. आजोबांची जमीन डोंगरउतारावर. तिच्यावर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, किती, तर आठ टक्के. तुम्ही फ्लॅटमध्ये बसून ऑक्सिजन घेणार, आमच्या पोरांना मात्र वाटणी करायला आरक्षणाचा नकाशा. शेजारच्या प्लॉटवर रातोरात पत्र्याचं गोदाम झालं, त्याला कुणी हात लावत नाही. नियम पाळला तो मूर्ख.

खाणीकडचा:
हे खरं आहे. आम्ही मोबदल्याबद्दल कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

नळस्टॉपग्रस्त:
अरे वा, आज दुसऱ्यांदा मान्य केलंत! दगडावर कोरून ठेवतो. मग बोगदा चालेल का? वरची झाडं तशीच.

खाणीकडचा:
बोगद्याची दोन तोंडं काय हवेत उघडणार? तिथे टेकडी फोडावीच लागेल. लॉ कॉलेज रोडवर आधी दुतर्फा पार्किंग बंद करा, बस वाढवा. सहा महिने करून बघा, नाहीच जमलं तर मी स्वतः तुमच्या दारात माफी मागायला येतो.

नळस्टॉपग्रस्त:
पार्किंग बंद केलं तर पहिला बोंब मारणारा दुकानदार माझा मेहुणा असेल. पण ठीक आहे. या. पाचच्या आत निघा, नाहीतर नळ स्टॉपला अडकाल.

मोरपीस:
गवताळ, उद्यापासून शेंगदाणे बंद. पाण्याची कुंडी मात्र उन्हाळाभर ठेवणार, सांगून ठेवते.

गवताळ:
रोज घासून ठेवा, डास होतात.